लिकाइयोन डोंगरावरची राख : झ्यूसला खरंच नरबळी देत होते का?

दगडधोंडे
मंडळी, ग्रीसमधल्या लिकाइयोन डोंगराच्या उत्खननावर इथे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या मधोमध आर्केडिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लिकाइयोनच्या दक्षिण शिखरावर, १,३८२ मीटर उंचीवर, ग्रीकांच्या देवांचा राजा झ्यूस याची वेदी आहे. देऊळ नाही, गाभारा नाही. आहे ती राख. साधारण ३० मीटर व्यासाचा आणि दीड मीटर जाडीचा ढीग, त्यात जळक्या हाडांचा चुरा आणि खापरं. पिढ्यान्‌पिढ्या लोक वर आले, त्यांनी आग पेटवली, देवाचा वाटा आगीत टाकला आणि खाली उतरले. त्या आगींची राख साचत गेली.

१८९७ मध्ये कोन्टोपुलोस आणि १९०२ पासून पुढे काही वर्षं कुरुनिओतिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी इथे खोदलं. नाणी, छोट्या तिवया, झ्यूसच्या ब्राँझच्या लहान मूर्ती असं बरंच मिळालं, पण त्यावरून हे स्थान फार जुनं वाटत नव्हतं. मग २००४ मध्ये डेव्हिड रोमानो आणि मेरी व्होयात्झिस यांच्या अमेरिकन-ग्रीक प्रकल्पाने पाहणी सुरू केली आणि २००६ पासून उत्खनन. वेदीच्या तळाच्या थरांत मायसीनियन काळाचे, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगाच्या उत्तरार्धातले, लांब दांड्याचे प्याले निघाले आणि हाडांच्या कार्बन तारखा इ.स.पू. सोळाव्या शतकापर्यंत गेल्या. म्हणजे तिथून ते हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या) काळापर्यंत, हजार वर्षांहून जास्त, एकाच शिखरावर एकच विधी चालू होता.

आणि २०१६ मध्ये त्याच राखेत माणसाचा सांगाडा सापडला. किशोरवयीन, पूर्व-पश्चिम ठेवलेला, दोन्ही बाजूंना दगडांच्या ओळी, कमरेवर दगडी फरशा, आणि कवटीचा वरचा भाग गायब. काळ साधारण इ.स.पू. अकरावं शतक.

आता ज्या डोंगरावर राजा लिकाओनने झ्यूसच्या वेदीवर तान्हं मूल बळी दिलं आणि तो लांडगा झाला अशी कथा आहे, तिथेच सांगाडा निघाला म्हटल्यावर जगभरच्या बातम्यांचा मथळा काय असणार? ‘नरबळी’! मला विचारायचंय ते हेच: हा मथळा टिकतो का? माझं मत आधीच सांगतो. एका सांगाड्यापायी हजार वर्षांच्या राखेकडे दुर्लक्ष झालंय, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

सह्यवेडा
भारी विषय. वाचतोय. शिखरापर्यंत गाडी जाते की चढावं लागतं?

चौकस_चिमणी
लिकाओनची कथा माहीत होती, पण ती पुराणकथा झाली. तिथे खरोखर माणसं मारतात असं त्या काळच्या कुणी लिहून ठेवलंय का?

उत्तररात्र
चिमणी, ठेवलंय, आणि एकाने नाही.

प्लेटो इ.स.पू. चौथ्या शतकातला. लोकनेत्याचा जुलमी राजा कसा होतो हे सांगताना तो लिकाइयोनच्या झ्यूसच्या स्थानाची कथा देतो: बाकीच्या बळींच्या आतड्यांत माणसाच्या आतड्याचा एक तुकडा मिसळलेला असतो आणि तो ज्याच्या वाट्याला येतो तो लांडगा होतो. थिओफ्रास्टस, म्हणजे ॲरिस्टॉटलचा शिष्य, तर आपल्या काळातही आर्केडियात लिकाइया उत्सवात नरबळी चालतो असं म्हणतो. हे बऱ्याच नंतरच्या पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने उतरवून ठेवलंय.

मग इ.स. दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस तिथे गेला. हा माणूस एरवी प्रत्येक देवळाचा प्रत्येक खांब मोजून सांगतो. इथे मात्र तो लिहितो की या वेदीवर गुप्तपणे बळी देतात आणि त्याच्या तपशिलात शिरायला माझं मन घेत नाही; जसं आहे, जसं मुळापासून होतं, तसं असू दे. हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. दामार्खस नावाचा ऑलिंपिक जिंकलेला आर्केडियन मुष्टियोद्धा या बळीच्या वेळी लांडगा झाला आणि दहाव्या वर्षी परत माणूस झाला, ही गोष्टही तो देतो. मात्र आपला तिच्यावर विश्वास नाही हेही स्पष्ट सांगतो.

इतक्या लोकांनी इतक्या शतकांत तेच लिहिलं, तर मुळात काहीतरी असणारच. मी मथळ्याच्या बाजूने.

खानदेशी
+१ उत्तररात्र. आगीशिवाय धूर निघत नाही.

हाडवैद्य
मी प्राण्यांच्या हाडांवर काम करते, त्यामुळे राहवलं नाही. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

कथा बाजूला ठेवून राखेत काय आहे ते बघा. ब्रिट स्टार्कोविच यांनी वेदीवरच्या हाडांचा अभ्यास केलाय. ओळखता आलेल्या हाडांपैकी ९४ ते ९८ टक्के शेळ्या-मेंढ्यांची. थोडी डुकरं. आणि त्यातही सगळा प्राणी नाही: मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी आणि शेपटीचे मणके, जवळपास एवढंच. बरगड्या नाहीत, खांदे नाहीत, खालचे पाय नाहीत. सगळं जळून पांढरं-निळसर झालेलं, बोटाच्या पेराएवढे तुकडे. असे तुकडे चाळणीत येतात तेव्हा खडूसारखे दिसतात आणि नखाने टोकरलं तर भुकटी होते. त्यातून मांडीच्या हाडाचा गोल माथा ओळखायचा म्हणजे डोळ्यांचा जीव जातो. ज्यांनी तो माथा हजारो तुकड्यांतून वेगळा काढला त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

आता होमर काढून बघा. इलियडच्या पहिल्या सर्गात बळी देताना मांड्या कापून काढतात, चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळतात आणि देवासाठी जाळतात. तेच इथे राखेत आहे! आणि होमरच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. शेपटीचं तर आणखी छान. शेपूट आगीत ठेवली की आकसून वर वळते, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. ग्रीक मडक्यांवरच्या चित्रांत वेदीवर जी वाकडी, वर वळलेली वस्तू दिसते ती हीच. ती वळली म्हणजे देवाने बळी स्वीकारला, असा शकुन.

या जळक्या हाडांच्या ढिगात माणसाचं हाड ओळखलं गेलेलं नाही. प्लेटो म्हणतो तसे माणसाचे तुकडे बाकीच्यांत मिसळून वेदीवर जात असते, तर ते इथे दिसायला हवे होते. सांगाडा ही वेगळी गोष्ट आहे. तो तुकड्यांत नाही, अख्खा मांडून ठेवलेला आहे, भोवती दगड लावलेले आहेत. बोकडाच्या मांडीशी जे केलं ते याच्याशी केलेलं नाही.

बंड्या_नागपूरकर
हाडवैद्यताई, म्हणजे देवाला हाडं, चरबी अन् शेपूट, आणि मटण भक्ताला? झ्यूसला कोणी हिशोब नाही विचारू दिला का बे? :)

गावरान
बंड्याभाऊ, आपल्याकडे काय वेगळं आहे? नैवेद्य दाखवायचा, पाणी फिरवायचं आणि ताट आपणच जेवायचं. देव वासाचा धनी.

उत्तररात्र
बंड्या, ग्रीकांनाही हाच प्रश्न पडला होता. हेसिओड या जुन्या ग्रीक कवीने त्याची गोष्ट दिलीय. मेकोने इथे देव आणि माणसं यांच्यात वाटणी ठरत होती. प्रोमिथियसने एका बाजूला चांगलं मांस ठेवलं, पण ते बैलाच्या पोटाच्या पिशवीत दडवलं. दुसऱ्या बाजूला नुसती हाडं, वर चकचकीत चरबी. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला आणि तेव्हापासून माणसं देवांसाठी पांढरी हाडं जाळतात. या रागातूनच त्याने माणसांकडून आग काढून घेतली.

मीरा_पुणे
हाडवैद्य, प्रतिसाद जपून ठेवला. वेदीवर फक्त देवाचा वाटा असेल तर बाकीचं जेवण कुठे व्हायचं?

दगडधोंडे
मीरा, शिखराखाली, साधारण १,२०० मीटर उंचीवर, सपाटी आहे. तिथे हिप्पोड्रोम म्हणजे घोडदौडीचं मैदान, स्टेडियम, लांब ओसरी, स्नानगृह, कारंजी असा सगळा पसारा आहे. इथे लिकाइया नावाचे खेळ व्हायचे. पळणं, कुस्ती, रथांच्या शर्यती. ग्रीक जगात ज्याची लांबी-रुंदी आज जागेवर मोजता येते असं हे एकमेव हिप्पोड्रोम. जत्रा खाली, धूर वर.

या खेळांची एक आठवण मला फार आवडते. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी राजपुत्र धाकट्या सायरसच्या फौजेत भाडोत्री ग्रीक सैनिक होते. आशिया मायनरमधल्या पेल्ताय गावी मुक्काम पडला असताना क्सेनियास नावाच्या आर्केडियन सरदाराने तिथेच लिकाइया साजरा केला, बळी दिले, खेळ भरवले. बक्षीस काय, तर अंगाचा तेल-मळ खरवडायच्या सोन्याच्या खरवडण्या. सायरस स्वतः बघायला बसला होता. हे झेनोफोनने लिहून ठेवलंय, आणि तो त्याच फौजेत होता. गावापासून शेकडो मैलांवर, परक्या राजपुत्राच्या पगारावर, उद्या जगू की मरू माहीत नाही, आणि या लोकांना आपल्या डोंगराचा सण चुकवायचा नव्हता!

चौकस_चिमणी
खरवडण्या सोन्याच्या! वा.
बाय द वे, त्या जागेत सावली पडत नाही असं कुठेतरी वाचलं होतं. ते हेच का?

उत्तररात्र
हेच. वेदीच्या खाली झ्यूसचं राखीव आवार आहे, तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. टाकलंच तर वर्षाच्या आत मरण. आणि आत गेलेल्या माणसाची किंवा जनावराची सावली पडत नाही. शिकार आत पळाली तर शिकारी बाहेर थांबायचा, आणि त्याला दिसायचं की त्या जनावराला सावली नाही.

नभांगण
खगोलवाला म्हणून मध्ये पडतो. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो, पुण्या-मुंबईची मुलं भर दुपारी बाटल्या उभ्या करून बघतात. सूर्य अगदी डोक्यावर यायला जागा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला हवी. आर्केडिया ३७ अंश उत्तरेला, तिथे वर्षातल्या एकाही दिवशी हे घडू शकत नाही. त्यामुळे ही कथा निरीक्षणातून आलेली नाही.

उत्तररात्र
नभांगण, गंमत म्हणजे पौसानियसला हे ठाऊक होतं. तो तिथेच सांगतो की इजिप्तच्या सीमेवर सायीनी, म्हणजे आजचं अस्वान, इथे सूर्य कर्क राशीत असताना सावली पडत नाही. लिकाइयोनच्या आवारात मात्र सगळ्या ऋतूंत तसंच असतं. म्हणजे नैसर्गिक कारण माहीत असून तो हे वेगळं नोंदवतो.

प्लुटार्कही यावर लिहितो. जाणूनबुजून आत शिरलेल्याला दगडांनी मारत, चुकून शिरला तर हद्दपार करत, आणि अशा माणसाला ‘हरीण’ म्हणत. सावलीबद्दल तो पायथागोरसपंथीयांचं म्हणणं देतो, की मेलेल्यांच्या आत्म्यांना सावली नसते आणि त्यांची पापणी लवत नाही. मला हा धागा जुळतो. आत गेलास, म्हणजे तू मेलेल्यांत जमा. सावली नाही हा त्याचाच दाखला.

नभांगण
हे पटलं. धन्यवाद.

खानदेशी
मूळ मुद्द्यावर येऊ. ग्रीसमध्ये नरबळीचा पुरावा याआधी मिळालाय ना? क्रीटमध्ये?

मीरा_पुणे
अनेमोस्पिलिया म्हणताय तुम्ही. युक्तास डोंगराच्या उतारावर, आर्खानेस गावाजवळ. १९७९ मध्ये यान्निस आणि एफी साकेलाराकिस या दांपत्याने खोदलं. इ.स.पू. १७०० च्या सुमाराला भूकंपात कोसळलेली मिनोअन (क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीची) वास्तू. एका खोलीत कमी उंचीच्या ओट्यावर तरुणाचा सांगाडा कुशीवर आखडून पडलेला, त्याच्या हाडांवर लांब ब्राँझचं पातं, बाजूला आणखी दोघांचे सांगाडे. साकेलाराकिस यांचं म्हणणं असं की भूकंप थांबावा म्हणून बळी चालू असतानाच छत कोसळलं. त्यालाही आक्षेप आहेतच. छप्पर अंगावर पडून मेलेला माणूस आणि मारलेला माणूस यांत फरक कसा करायचा? तरी तिथे पातं आहे, ओटा आहे, प्रसंग आहे. लिकाइयोनला यातलं काहीच नाही. दोन्हींची नावं एका दमात घेऊ नयेत असं मला वाटतं.

उत्तररात्र
पण कवटीचा वरचा भाग नाही, त्याचं काय?

हाडवैद्य
दीड मीटरच्या राखेत, उघड्या शिखरावर, तीन हजार वर्षं. वारा, पाऊस, बर्फ, वीज, आणि वरून पुढच्या कितीतरी पिढ्यांनी तिथेच पेटवलेल्या आगी. कवटीचा वरचा भाग नसणं याला डझनभर कारणं असू शकतात. मारलं असं म्हणायचं तर हाडावर कापल्याची खूण दाखवावी लागेल.

आपल्याकडचं उदाहरण देते, कारण ते त्याच काळातलं आहे. घोडनदीच्या काठी इनामगाव, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं खोदलेलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं काम. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची वस्ती. तिथे लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात पुरलंय, आणि ते राहत्या घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांना उताणं पुरलंय, आणि त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले आहेत. हे नुसतं कानावर आलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की केवढी क्रूर माणसं. पण तोच प्रकार एकामागून एक दफनांत दिसला तेव्हा कळलं की ही त्यांची अंत्यविधीची रीत आहे. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे. सांगायचा मुद्दा हा की रीत ओळखायला एकाहून जास्त दफनं लागतात. लिकाइयोनला तेव्हा वेदीचा दहा टक्केही भाग खोदून झाला नव्हता, आणि हातात सांगाडा एक.

गावरान
ताई, इनामगावचं माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना.

राइनकाठी
उशिरा आले. मी जर्मनीत असते, ग्रीसला गेलो होतो तेव्हा लिकाइयोन मुद्दाम केलं. सह्यवेडा, मेगालोपोलिसहून आनो कारिएस गावापर्यंत वळणावळणाचा रस्ता आहे, गाडी बरीच वर जाते, शेवटचा चढ पायी.

वेदी बघून आधी काही कळतच नाही. राख म्हटल्यावर करडी भुकटी डोळ्यांसमोर येते. तिथे आहे काळपट माती, दगड आणि खुरटं गवत. खाली वाकून बघितलं की मग त्या मातीत पांढरे-निळे ठिपके दिसायला लागतात. तीच ही हाडं. आम्ही हात लावला नाही. वारा इतका की उभं राहून बोलता येत नव्हतं. पौसानियस म्हणतो की इथून बहुतेक सगळा पेलोपोनीज दिसतो, ते खरं आहे. त्याच नजाऱ्यात खाली खोऱ्यात मेगालोपोलिसच्या वीजकेंद्राची धुराडीही आहेत.

आणि हो, या शिखराला गावकरी संत एलियासचं शिखर म्हणतात. जवळ त्याचं छोटं चॅपल आहे.

दगडधोंडे
राइनकाठी, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सोनं झालं. एलियासची आठवण काढलीत ते फार बरं केलंत. बायबलमधला हा प्रेषित, ज्याच्या प्रार्थनेने वेदीवर आकाशातून अग्नी पडतो आणि दुष्काळानंतर पाऊस येतो. ग्रीसमध्ये कितीतरी डोंगरमाथे त्याच्या नावाचे आहेत.

आणि लिकाइयोनचा झ्यूसही पावसाचाच. या डोंगरावर हाग्नो नावाचा झरा होता. दुष्काळ लांबला, शेतातली रोपं आणि झाडं वाळायला लागली की झ्यूसचा पुजारी झऱ्याशी जायचा, प्रार्थना करायचा, बळी द्यायचा आणि ओकची एक फांदी पाण्याच्या वरवर बुडवायचा, खोल नाही. पाणी हललं की धुक्यासारखी वाफ उठायची, तिचा ढग व्हायचा, तो इतर ढग ओढून घ्यायचा आणि आर्केडियावर पाऊस पडायचा. वेदीच्या राखेत फल्गुराइट मिळालंय. वीज वाळूत किंवा मातीत शिरली की ती वितळून काचेची नळी बनते, ती ही. ते कुणी तिथे आणून वाहिलं असेल, किंवा वीज तिथेच पडली असेल. दोन्हींतलं काहीही असलं तरी हे शिखर विजेचं, हे इथल्या गुराख्याला कुणी सांगावं लागलं नसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा डोंगरी लोकांचा पाऊस-पाण्याचा देव, आणि त्यांच्याकडे होतं ते त्यांनी दिलं: शेळ्या-मेंढ्या. बैल नाहीत, कारण त्या कातळावर बैल पोसायचे कशावर? ऑलिंपियालाही झ्यूसची अशीच मांड्यांच्या राखेची वेदी होती, पौसानियसच्या काळी २२ फूट उंच. दरवर्षी आल्फिओस नदीच्या पाण्यात राख कालवून तिच्यावर लिंपत. तिचा आज मागमूस नाही. लिकाइयोनची वेदी मात्र जागेवर आहे, आणि मायसीनियन महाल पडले, राजे गेले, लिपी विसरली गेली त्या दोन-तीन शतकांतही इथली आग विझलेली दिसत नाही. सांगाडा नेमका त्याच उलथापालथीच्या काळातला आहे. ‘नरबळी’ हा एक शब्द चिकटवला की या सगळ्याकडे बघायचं राहूनच जातं.

उत्तररात्र
दगडधोंडे, शेळ्या-मेंढ्यांचं सगळं मान्य. पण वेदी म्हणजे काही स्मशान नव्हे. ज्या आवारात पाऊल टाकलं तर मरण, त्याच्याही वर, ऐन राखेत, एका पोराला पुरलंय. घरचं माणूस गेलं म्हणून कुणी त्याला तिथे नेऊन ठेवत नाही. बळी नसेल, पण साधं दफनही नाही. पौसानियसने तोंड मिटून घेतलं ते उगाच नाही.

हाडवैद्य
आवाराची बंदी आपल्याला कळते ती सांगाड्यानंतर हजार-बाराशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांतून. इ.स.पू. अकराव्या शतकात तीच बंदी होती असं धरून चालता येणार नाही. मात्र साधं दफन नाही, हे मलाही मान्य आहे. कमरेवरच्या फरशा मला स्वस्थ बसू देत नाहीत.

मीरा_पुणे
दोघांचंही वाचून मी अजून कुंपणावरच. तळाच्या थरात मायसीनियन काळाच्याही आधीची, नवाश्मयुगीन खापरं आहेत ना? मग झ्यूसच्या आधी वर कोण होतं, हा प्रश्न मला सांगाड्यापेक्षा मोठा वाटतो.

सह्यवेडा
राइनकाठी, माहितीबद्दल आभार. पुढच्या वर्षी जमवतो. तिथून निघालेल्या वस्तू कुठे बघायला मिळतील?

राइनकाठी
कुरुनिओतिसच्या खोदकामातल्या ब्राँझच्या मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाकडे आहेत. आणि जाताय तर बासाइचं अपोलोचं देऊळ त्याच फेरीत करा, शेजारच्याच डोंगरांत आहे. संपूर्ण देवळावर मोठा तंबू आहे, बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे परत फिरू नका, आत जा. आनो कारिएसचे लोक १९७३ पासून दर चार वर्षांनी लिकाइया खेळ पुन्हा भरवतात, जुन्या मैदानावरच. ते वर्ष साधता आलं तर बघा.